ट्रान्झिस्टरचा माहूत

घरांतील वीज गेली कीं इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि दिवे व पंखे पुन्हा चालूं लागतात. एखादे दिवशीं मात्र तो मुकाच राहतो. दुरुस्ती करणारा पेटी उघडून जळलेला ट्रान्झिस्टर दाखवितो व नवा बसवून देतो. चार दिवसांनीं तोहि जळतो. घरधनी म्हणतो, माल खोटा. दुकानदार म्हणतो, भार अधिक. पुष्कळदां दोष तिसरीकडेच असतो. ट्रान्झिस्टरला उघडझाप करण्याची आज्ञा देणारें एक लहानसें मंडल त्याच्यामागें बसविलेलें असतें. कारागीर त्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हत्तीपुढें माहूत दिसावयास लहान, पण हत्तीची चाल त्याच्याच अंकुशावर अवलंबून असते. या चालकाचेंहि तसेंच आहे.

पहिला ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं चालवून दाखविला. इन्व्हर्टरांत आज बहुधा वापरला जाणारा ‘मॉसफेट’ हा प्रकार त्याच प्रयोगशाळेंत १९५९–६० च्या सुमारास अटाला व कांग यांनीं सिद्ध केला. त्याला तीन टोकें असतात. मुख्य प्रवाह ड्रेन व सोर्स या दोहोंमधून वाहतो आणि गेट या तिसऱ्या टोंकास केवळ आज्ञा पोंचते. गेट व आंतील सिलिकन यांच्यामध्यें अत्यंत पातळ असा विद्युत्‌रोधक थर असतो, त्यामुळें गेटला कांहींच प्रवाह लागत नाहीं असा समज होतो. तो स्थिर स्थितींत खरा आहे. परंतु या थरामुळें गेट हें एक लहानसें कपॅसिटर बनतें, आणि प्रत्येक उघडझापेस तें भरावें व रिकामें करावें लागतें.

येथेंच खरा प्रश्न उद्भवतो. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा असतांना त्याच्यावर दाब फारसा नसतो; पूर्ण बंद असतांना प्रवाह नसतो. म्हणून दोन्ही स्थितींत उष्णता बेताची असते. मधल्या संक्रमणांत मात्र दाब व प्रवाह दोन्ही एकदम हजर असतात. गेट भरण्यास १०० नॅनोकूलंब विद्युद्भार लागतो असें मानलें, आणि आज्ञा देणाऱ्या चिपकडून २० मिलिअँपिअरच मिळाले, तर त्यास ५ मायक्रोसेकंद लागतील. ३०० व्होल्ट दाब, १० अँपिअर प्रवाह, मोटरीसारखा भार आणि सेकंदास २०,००० वेळां उघडझाप असतां, संक्रमणाचा काळ तेवढाच धरल्यास, केवळ संक्रमणांत सुमारें ३०० वॅट उष्णता होईल. चालकानें १ अँपिअर पुरविला, तर तीच उष्णता ६ वॅटवर येते. चालकाचें पहिलें काम तें हेंच.

तथापि अतिघाईहि अपायकारक आहे. तारांच्या अंगच्या प्रेरकत्वामुळें, प्रवाह एकाएकीं तुटतांच दाब उसळी घेतो आणि शेजारच्या रेडिओंत खरखर उमटते. म्हणून गेटच्या वाटेवर कांहीं ओहमांचा रोध मुद्दाम ठेवितात. दुसरी दक्षता जोडीची. इन्व्हर्टरांत पुष्कळदां दोन ट्रान्झिस्टर एकावर एक जोडलेले असतात. दोघेहि क्षणभर एकदम उघडले, तर प्रवाह भाराकडे न जातां सरळ त्यांच्यामधूनच धांवतो आणि दोघांचाहि नाश करतो. यासाठीं एक बंद झाल्यावर अल्प विराम घेऊनच दुसरा उघडितात. या विरामास ‘डेड टाइम’ म्हणतात.

चालकाचा स्वतःचा पुरवठाहि पुरेसा हवा. पुष्कळ मॉसफेटांना पूर्ण उघडण्यास गेटवर १० ते १२ व्होल्ट लागतात. जुना कपॅसिटर सुकून हा दाब उतरला, तर ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतो व तापत राहतो. चांगला चालक अशा वेळीं ट्रान्झिस्टर बंदच ठेवितो.

आतां त्या दुसऱ्यांदा जळण्याचें कारण ध्यानांत येईल. मॉसफेट जळतांना पुष्कळदां आंतील पातळ थर फुटतो, आणि मुख्य मंडलांतील दाब गेटमार्गें उलट चालकांत शिरून रोध व चिप यांस बिघडवितो. असा घायाळ चालक तसाच ठेवून नवा ट्रान्झिस्टर बसविणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! गृहस्थानें पेटी स्वतः उघडूं नये, कारण आंतील मोठ्या कपॅसिटरांत वीज बंद केल्यावरहि भार शिल्लक असूं शकतो. मात्र नव्या ट्रान्झिस्टरचे पैसे मोजण्यापूर्वीं त्यानें दुरुस्ती करणाऱ्यास एवढें अवश्य विचारावें: चालक तपासला काय?