साठपटीचा मोह

कामठीजवळ कन्हान, पेंच आणि कोलार या नद्या एकत्र येतात. थंडीत अशा नदीपात्रांतल्या वाळूपट्ट्यांवर चक्रवाक उतरतात. पैलतीरावरच्या थव्यासाठी हातातली दुर्बीण पुरत नाही. तिथे स्पॉटिंग स्कोप लागतो. आणि स्कोप घेतला की प्रश्न येतो आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाचा.

२० ते ६० पटीचा झूम बाजारात सर्रास मिळतो आणि साठचा आकडा भुरळ घालतोच. पण ८० मिलिमीटरच्या स्कोपमधून २० पटीला डोळ्यात येणारा प्रकाशझोत ४ मिलिमीटर रुंद असतो. ६० पटीला जेमतेम १.३. पहाटेच्या अंधूक उजेडात चित्र जवळजवळ नवव्या हिश्श्याइतकंच उजळ दिसतं. त्यात विदर्भाचं ऊन! वाळू तापली की हवा थरथरते, आणि पक्ष्याबरोबर ती थरथरही साठपट होते.

म्हणून ३० पटीचा, रुंद दृश्यक्षेत्राचा स्थिर आयपीस सरस. पक्षी चटकन सापडतो. झूमची खरी गरज पडते ती छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा ओळखताना: पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळट-हिरवे.

चष्मेवाल्यांनी मात्र आधी ‘आय रिलीफ’, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा आयपीसपासून किती लांब ठेवता येतो ते अंतर, विचारावा. तो १५ मिलिमीटरहून कमी असला, तर कडेचं चित्र कापलं जातं.