दोन बोटांचा हिशेब

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी महूला स्थायिक झालो. इंदूरजवळची ही जुनी छावणी. माझ्याकडे एक जिप्सी आहे, वीस वर्षांच्या पुढची. मुलं म्हणतात, काका विका ती. आज तिच्या क्लचबद्दल बोलणार आहे, आणि त्या निमित्तानं माझ्या एका चुकीबद्दल.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं महेश्वरहून परत येत होतो. मंडलेश्वर सोडलं की निमाडातून माळव्यात चढणारा घाट लागतो, वर अहिल्याबाईंनी बांधलेला जाम दरवाजा. घाटात तिसऱ्या गिअरवर पाय दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडीचा वेग तेवढाच राहायचा. सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." क्लचप्लेट जळते तेव्हा येणारा तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मग दुसरा, पहिला गिअर घेत, ॲक्सिलरेटर हलका ठेवून वर आलो. खालच्या गिअरमध्ये क्लचवर ताण कमी येतो, म्हणून निभावलं.

घरी आल्यावर खात्री केली. गाडी सपाटीवर, समोर मोकळी जागा, हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर, चौथा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं. पडलं नाही, नुसतं घुरघुरत राहिलं. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केलीत तर उरलेली प्लेटही जाईल.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या उस्तादाकडे गेलो आणि स्वतः शेजारी बसलो. गाडी घोड्यांवर चढवली. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणी शिरू नये, हे मी फौजेतही ओरडून सांगायचो. जिप्सीत फोर-व्हीलची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसते. मधला छोटा शाफ्ट काढला की गिअरबॉक्स एकटा मागे ओढता येतो. खाली जॅक लावून त्याचं वजन तोलावं लागतं. तो शाफ्टवर लोंबकळला तर प्लेटचा मधला भाग वाकतो.

प्लेट हातात आली तेव्हा अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलेलं होतं. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, पण तडा नव्हता. पोऱ्या हवेच्या नळीनं धूळ उडवायला निघाला, त्याला मी थांबवलं. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. फ्लायव्हील लेथवर साफ करून आणलं, क्रँकच्या मागच्या ऑइल सीलला गळती नाही ना ते पाहिलं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही नवीन घातली. बेअरिंग स्वस्त असतं, पण ते एकटं बदलायलाही गिअरबॉक्स पुन्हा उतरवावाच लागतो. डमी शाफ्ट घालून प्लेट मधोमध आणली आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे कसले.

केबल जोडताना उस्तादानं विचारलं, "साब, ये प्ले कब देखा था?" मला आठवेना. क्लचचं पेडल दाबताना सुरुवातीला थोडं रिकामं जातं, तो फ्री-प्ले. माझ्या गाडीत तो शून्य झाला होता. आपल्याला वाटतं, प्लेट झिजली की पेडल सैल होईल. होतं उलट. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटच्या पाकळ्या मागे, बेअरिंगकडे सरकतात आणि केबल ताणली जाते. मग आपला पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो, आणि घसरतो. केबलच्या टोकाचा एक नट फिरवला असता, तर हीच प्लेट आणखी बरीच चालली असती.

आणि मला तो मुलगा आठवला.

नव्वदच्या दशकात, डोंगरातल्या पोस्टिंगवर, माझ्या हाताखालच्या एका ड्रायव्हरच्या जिप्सीचा क्लच जळाला. सातारकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पाय क्लचवर ठेवून गाडी हाकतोस." तो म्हणाला, "नाही साहेब." मी ऐकलं नाही. पूर्ण मोसम त्याला गाडीवरून काढून गोदामावर बसवलं. फ्री-प्ले कुणी मोजला नाही. मोजा म्हणून सांगायचं काम माझं होतं. पाय क्लचवर ठेवायची सवय मला कधीच नव्हती, तरी माझाही क्लच गेलाच. त्याचा दोष नव्हता असं मी आज सिद्ध करू शकत नाही. होता, हेही मी तेव्हा कुठं सिद्ध केलं होतं?

युनिटच्या जुन्या मंडळींकडून त्याचा नंबर मिळवला. तो आता गावी स्कूलबस चालवतो. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "साहेब, आता प्ले किती ठेवलाय?"

"दोन बोटं."

"पाच हजाराला परत बघा. नवी प्लेट बसते."