चुना पुरत का नाही?



बोअरचं पाणी उकळलं की भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा. घासून घासून हात दुखतात, तरीही आज मी कॅल्शियमची बाजू घेणार आहे, आणि त्याची ताकद कुठे संपते तेही आकड्यांनी दाखवणार आहे.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५.

आता कॅल्शियम आणि फ्लोराइड एका पाण्यात हवे तितके राहू शकत नाहीत. कॅल्शियमचं प्रमाण गुणिले फ्लोराइडच्या प्रमाणाचा वर्ग हा आकडा २५ अंश सेल्सिअसला साधारण ३.५ × १०⁻¹¹ च्या पुढे गेला, की कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसू लागतो. हाच विद्राव्यता गुणाकार. प्रमाणं लिटरमागे मोलमध्ये घ्यायची. विद्यार्थी नेमके तिथेच फसतात.

लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे ०.००२ मोल. भागाकार करून वर्गमूळ काढा: फ्लोराइड २.५ मिलिग्रॅमच्या आसपास अडतं. कॅल्शियम २० वर आलं, तर तीच हद्द ५ वर जाते. खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढतं, सामू चढतो, कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं, आणि फ्लोराइडला मोकळं रान मिळतं. चवीला हलकं लागणारं पाणी म्हणूनच निर्धोक समजू नका.

मग चुना टाकून फ्लोराइड बसवता येईल का? गणित उलटं करा. फ्लोराइड १.५ वर आणायला पाण्यात कॅल्शियम सुमारे २२५ मिलिग्रॅम उरायला हवं, आणि कॅल्शियमची कमाल मर्यादाच २०० आहे! प्रत्यक्षात इतर क्षारांमुळे विद्राव्यता आणखी थोडी वाढते, म्हणजे चुन्याची बाजू अधिकच लंगडी. कागदावरच्या चार ओळींनी एवढं कळतं, आणि ते गावागावांत कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नागपुरातल्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात फ्लोराइड काढण्याची नळगोंडा पद्धत बसवली, तिच्यात चुन्याच्या जोडीला तुरटी आली ती यासाठी. तुरटीतलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे मऊ पुंजके धरतं आणि फ्लोराइड त्यांना चिकटून खाली जातं. पण ॲल्युमिनियमचंही स्वतःचं समतोलाचं गणित आहे. सामू साधारण ६ ते ७ असताना ते सर्वांत कमी विरघळतं. पाणी आम्ल झालं तर ते आयन होऊन सुटतं, अल्कली झालं तर जादा हायड्रॉक्साइडशी जोडून पुन्हा विरघळतं. इथे एकट्या विद्राव्यता गुणाकाराने भागत नाही, दुसराही स्थिरांक धरावा लागतो. म्हणून तुरटी टाकलेल्या पाण्यात फ्लोराइडसोबत सामू आणि ॲल्युमिनियम मोजून घ्यायलाच हवं. ॲल्युमिनियमची कमाल मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आहे.