पहिली तारीख कुणाची?

गेल्या भागानंतर एका श्रोत्याचा लांबलचक मेसेज आला. वय एकतीस. पुण्यातल्या एका मोठ्या आयटी कंपनीत आठ वर्षं झालीत. हडपसरला फ्लॅट, त्याचा हप्ता चालू, मुलगी दोन वर्षांची. एका स्टार्टअपची ऑफर हातात आहे, आणि कॉलेजचा मित्र म्हणतोय की सोड ते सगळं, आपण दोघं कंपनीच काढू. शेवटी विचारलंय, "दादा, तुम्ही तिन्ही करून बसलाय. तिन्हीत चांगलं काय?"

तिन्ही केलंय हे खरं. हिंजवडीत सात वर्षं, मग बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये तीन, आणि आता सहा वर्षं स्वतःची छोटी कंपनी. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. जॉबवर्कची चलनं, कच्च्या मालाचा साठा, बिलं, असलं सगळं. चौदा माणसं आहोत.

आता या विषयावर लोक बोलतात ते स्वातंत्र्य, शिकायला मिळणं, ग्रोथ वगैरे. मला तो हिशेब कधी पटला नाही. शिकायला सगळीकडे मिळतं. मी एकच गोष्ट बघतो: महिन्याच्या पहिल्या तारखेची काळजी कुणाच्या डोक्यावर आहे?

मोठ्या कंपनीत ती तुमच्या डोक्यावर नसते. क्लायंटनं पैसे थकवले, प्रोजेक्ट बंद पडलं, तुम्ही बेंचवर बसलात, तरी पगाराचा मेसेज येतो. या गोष्टीला लोक फार स्वस्तात काढतात. "गुलामी" म्हणतात. अरे, त्याच गुलामीच्या स्लिपवर बँकेनं तुला घर दिलंय ना! पगारदाराला फॉर्म सोळा आणि पगाराच्या स्लिपा दाखवल्या की काम होतं. धंदेवाल्याला बँक साधारण तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते, आणि पहिल्या तीन वर्षांत त्या विवरणपत्रांत दाखवण्यासारखं काय असतं ते मला विचारा.

आणि राजीनामा द्यायच्या आधी एक आकडा काढाच. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं, आणि झालेल्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार ४० हजार आणि आठ वर्षं, म्हणजे साधारण एक लाख चौऱ्याऐंशी हजार. आमच्या या मित्राला ते मिळतीलच. पण साडेचार वर्षांवर तावातावानं राजीनामा टाकणारी पोरं मी पाहिलीत. सहा महिन्यांसाठी कशाला सोडायचं?

मोठ्या कंपनीचा त्रास निराळा आहे. तिथे तारीख पक्की असते, पण काम कुणाचं हे पक्कं नसतं. मी दोन वर्षं ज्या मॉड्यूलवर घालवली ते कुणी वापरलं की नाही, मला आजही माहीत नाही. काहींना त्यानं फरक पडत नाही, आणि त्यात वाईट काही नाही. मला पडायचा.

आता स्टार्टअप. इथे जरा थांबू, कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. स्टार्टअप तुम्हाला पगाराचा एक भाग रोख देतं आणि एक भाग कागदावर. तो कागद म्हणजे ईसॉप. ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं असतं, समजा एक हजार ऑप्शन, चार वर्षांत मिळणार, पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही. हे पहिल्या वर्षाचं कंपनी मनानं ठरवत नाही, कायद्यातच किमान एक वर्षाची अट आहे. पण एक हजार कशातले? एक लाखातले की एक कोटीतले? हे न विचारता लोक घरी येऊन पेढे वाटतात.

पुढचं तर कुणीच सांगत नाही. समजा तुम्हाला शेअर दहा रुपयांना घ्यायचा हक्क आहे आणि घ्याल त्या दिवशी त्याची किंमत दोनशे धरली. हजार शेअर घेतलेत, तर वरचे एक लाख नव्वद हजार हे तुमचं पगाराचं उत्पन्न धरतात. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सत्तावन्न हजार कर, वर सेस. शिवाय शेअरचे दहा हजार. हे सगळं खिशातून, आणि हातात काय? बाजारात विकता न येणारा शेअर, कारण कंपनी लिस्टेडच नाही. सरकारनं २०२० च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलायची सोय केली, पण ती ठरावीक प्रमाणपत्र मिळालेल्या स्टार्टअपनाच. तुमची त्यात आहे का, विचारा. आणि बऱ्याच ठिकाणी नोकरी सोडली की नव्वद दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर ऑप्शन गेले.

सोनं होतच नाही असं नाही. २०२१ मध्ये फ्रेशवर्क्स नॅसडॅकवर गेली तेव्हा तिथले शेकडो कर्मचारी करोडपती झाले. खरी गोष्ट आहे. पण गावात एकाला लॉटरी लागली म्हणून आपण घराचा हप्ता तिकिटावर लावत नाही. माझं मत सरळ आहे: नुसत्या रोख पगारात घर चालत असेल तरच स्टार्टअपला जा, ईसॉपची किंमत शून्य धरून. मग ते काम फार मजेचं असतं, खोटं नाही सांगत. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी ग्राहकाच्या हातात असायचं. तो आनंद मला हिंजवडीत सात वर्षांत मिळाला नव्हता. फक्त मुलाखतीत कुणी "आम्ही एका कुटुंबासारखे आहोत" म्हणालं की रजेचे नियम लेखी मागा.

आणि स्वतःची कंपनी. इथे पहिली तारीख तुमची असते, म्हणजे द्यायची. पंगतीत यजमान शेवटी बसतो, तसं. माणसांचा पगार, जागेचं भाडं, सर्व्हरचं बिल, सरकार, आणि उरलं तर आपण.

एक साधं उदाहरण. २८ मार्चला एक लाखाचं बिल केलं, त्यावर अठरा टक्के जीएसटी. एक एप्रिलला पगार द्यायचेत. वीस एप्रिलला त्या बिलाचे अठरा हजार सरकारला भरायचेत, ग्राहकानं एक रुपया दिलेला नसला तरी. पैसे येतात जूनमध्ये. कायदा बाजूनं आहे: छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. माझ्या ओळखीत एकानंही ते व्याज मागितलेलं नाही, कारण मागितलं की पुढची ऑर्डर गेली. आणि कुणावर चिडायचं? आमचा ग्राहक म्हणजे चार लेथ मशीनचा मालक. त्याचेही वरच्यानं अडकवलेत. "आले की देतो हो साहेब," तो म्हणतो, आणि खरंच देतो.

दुसऱ्या वर्षी सलग सात महिने मी पगार घेतला नाही. चौदा-पंधरा तास काम चालायचं, आणि घर चालायचं माझ्या बायकोच्या पगारावर. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लोक कार्यक्रमात माझा सत्कार करतात, "धाडस केलंत" म्हणतात. आमच्या घरात धाडस माझ्या नावावर आहे आणि पगार तिच्या. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच फाउंडरांच्या घरी असा एक पक्का पगार आहे, फक्त मंचावर त्याचा उल्लेख होत नाही.

इन्फोसिसचे दहा हजार रुपये तर आपल्याकडे आरतीसारखे म्हटले जातात. १९८१, पुणे, सुधा मूर्तींच्या साठवणीतले पैसे. बरोबर. पण ती मंडळी पटनी कंप्युटर्समध्ये काम करून आली होती, हे त्याच दमात सांगायला हवं. पर्सिस्टंटचे आनंद देशपांडेही अमेरिकेत एचपीच्या लॅबमध्ये नोकरी करून पुण्यात आले आणि १९९० मध्ये कंपनी काढली. दुसऱ्याच्या पहिल्या तारखेवर काम शिकून घेणं यात कमीपणा कसला?

तर आमच्या हडपसरच्या मित्रा, तुझ्या घरातलं दुसरं उत्पन्न किती, हे तू मेसेजमध्ये लिहिलंच नाहीस. सगळं त्यावर आहे. ते नसेल तर आधी हप्त्यासकट वर्षभराचा खर्च बाजूला साठव, तोवर आहेस तिथेच राहा. असेल तर स्टार्टअपला फोन कर आणि विचार: एकूण शेअर किती, बँकेत किती महिन्यांचे पगार पुरतील एवढे पैसे आहेत, आणि तो कर पुढे ढकलायची सोय तुम्हाला लागू आहे का. चिडले तर उत्तर मिळालंच.

आणि मित्राबरोबर कंपनी काढायची असेल तर चहावर "फिफ्टी-फिफ्टी" म्हणून मोकळे होऊ नका. दोघांचेही शेअर चार वर्षांत हळूहळू मिळतील असं वकिलाकडून लिहून घ्या. दहाव्या महिन्यात एकजण नोकरीवर परत गेला आणि निम्मी कंपनी त्याच्याच नावावर राहिली, तर उरलेला कुणासाठी राबणार? हे बोलणं अवघड जातं, माहितीये मला. आम्ही दोघं भागीदार डेक्कनच्या एका हॉटेलात तीन तास बसलो होतो, आणि चौथा चहा झाल्यावर विषय निघाला.