कुठली तार किती ताणावी

शिडाच्या छोट्या होडीवर पुढचं शीड मिटायला फर्लर बसवतात. दोर ओढला की खालची फिरकी फिरते, शीड डोलकाठीपुढच्या तारेभोवती गुंडाळलं जातं. ही तार ढिली राहिली तर झोल येतो, फर्लर अडतो. ऐन वादळात शीड मिटत नाही. म्हणून आधी तार चांगली ताणावी. शीड वर चढवणारा दोर मात्र बेतानंच. आडव्या सुरकुत्या गेल्या की थांबावं. फिरकीवर दोराचे तीन-चार वेढे जादा ठेवावेत, कारण जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं, फेरे जास्त लागतात. अडलंच तर जोर लावू नये, आधी वर पाहावं. तंबोरा जुळवणारे मी पाहिलेत. तिथं ताण चुकला तर सूर जातो. इथं माणूस जाऊ शकतो.