हडळीची पाठ

आजच्या भाषणाचा विषय हडळ. तिच्याबद्दलचं सगळं सांगायला वेळ पुरणार नाही, म्हणून मुख्यतः तिच्या पाठीबद्दल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्यांचे गॅझेटिअर तयार झाले. पिकं, रस्ते, देवळं यांच्या नोंदी करता करता लिहिणाऱ्यांनी गावातली भुतंही नोंदवली. त्या काळच्या नोंदींत हडळीचं एक वर्णन सापडतं: पुढून भरल्या अंगाची, मागून नुसता सापळा. केस मोकळे, मुक्काम विहिरीवर नाहीतर झाडावर. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यालाही या विषयाचा नाद होता. गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्न पाठवून तो लोकसमजुती जमवत असे. १९०९ साली अनंत कान्हेरे यांच्या गोळीने तो मारला गेला आणि त्याचा संग्रह पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केला. कोकणचा भाग १९१५च्या आसपास छापून निघाला. अळवंत, लावसट, जखीण, मुंजा अशी त्यातली भुतांची यादी लांब आहे, ती इथे वाचत बसायला नको.

प्रस्तुत वक्ता अडकला तो त्या पाठीपाशी. कारण अगदी अशीच पाठ हजारो मैलांवर, स्वीडन-नॉर्वेच्या जंगलात आहे.

स्वीडनमध्ये तिला स्कूग्सरो म्हणतात, नॉर्वेत हुल्द्रा. पाइन आणि स्प्रूसच्या दाट रानात एकट्या माणसाला ती भेटते. तोंडावर रूप असं की पाहणारा वाट विसरावा. वळली की पाठ पोकळ, कुजलेल्या झाडाच्या ढोलीसारखी. डेन्मार्कमध्ये तिची एक बहीण आहे, तिची पाठ कणीक मळायच्या काथवटीसारखी खोल असते. नॉर्वेतलीला गाईचं शेपूट, स्वीडनमधलीला पुष्कळदा कोल्ह्याचं. म्हणून ती कुणाला पाठ दाखवत नाही. पुन्हा सांगायचं तर, पुढून देखणी आणि मागून पोकळ. इकडे पुणे-कोकणात तीच गोष्ट, तिकडे बर्फाच्या मुलखातही तीच.

ती कुणाला भेटायची हे महत्त्वाचं आहे. स्वीडनचा लोखंडाचा धंदा लाकडी कोळशावर चालत असे. लाकडाचा ढीग रचून, त्यावर माती लिंपून, तो आत धुमसत ठेवायचा आणि दिवसरात्र राखायचा. कोळसेवाला आठवडेच्या आठवडे रानातल्या झोपडीत एकटा. डोळा लागला आणि ढिगातून ज्वाळ उसळली, की सगळी मेहनत राख. अशा वेळी स्कूग्सरो त्याला उठवायची, अशी श्रद्धा होती. शिकारी तिच्यासाठी झाडाच्या खुंटावर नाणं किंवा घास ठेवत. ती रानाची मालकीण होती, तिचा मान राखावा लागे.

तीवेदेन नावाच्या जंगलातली एक कथा वक्त्याच्या फार आवडीची आहे. एक मुलगा तळ्यावर गळ टाकून बसलाय, मासा काही लागत नाही. एक सुंदर बाई येते. तिच्या घागऱ्याखाली कोल्ह्याचं शेपूट डोकावतंय. तसं बोलून दाखवणं हा अपमान. मुलगा वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, “बाईसाहेब, आपला परकर खालून दिसतोय.” ती शेपूट आवरते, आणि जाता जाता सांगते की तळ्याच्या पलीकडच्या काठाला जा. तिकडे त्याला भरपूर मासे मिळतात. भीती, अदब, उपकार, सगळं एका छोट्या गोष्टीत आलं.

पण हा सगळा प्रकार नुसता गोष्टींचा नव्हता. साधारण १६९०च्या सुमारास स्वीडनमध्ये २२ वर्षांच्या एका तरुणावर स्कूग्सरोशी संबंध ठेवल्याचा खटला चालला आणि त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. लोकांचा विश्वास इतका खरा होता.

पुढे, १८४५च्या आसपास, नॉर्वेच्या आस्ब्यर्नसेनने हुल्द्राच्या कथा गोळा करून छापल्या. १८९५च्या सुमारास फिनलंडच्या सिबेलियसने स्कूग्सरोवर वाद्यवृंदाची रचना केली. मधला इतिहास बराच आहे, तो सोडून आजच्या कल्पनारम्य कथांकडे येऊ. २०१२च्या ‘थाले’ या नॉर्वेजियन चित्रपटात शेपटीची हुल्द्रा आहे. ‘गॉड ऑफ वॉर’ या गाजलेल्या व्हिडिओ गेममध्ये मात्र हुल्द्रा हे नाव दोन बुटक्या लोहार भावांना मिळालं. तिथे ना बाई उरली, ना रान, ना पाठ. कितीतरी कादंबऱ्यांत ती फक्त मोहात पाडणारी वनसुंदरी होऊन बसते. चेहरा ठेवायचा आणि पाठ गाळायची, हे या लेखनातलं मोठं नुकसान आहे, असं वक्त्याचं स्पष्ट मत आहे.

कारण पाठीतच तर कथा आहे. हडळ कोण? जुन्या समजुतीप्रमाणे बाळंत झाल्यावर दहा दिवसांच्या आत मेलेली बाई. रक्तस्राव, बाळंतरोगाचा ताप, यांनी घराघरांतल्या सुना आणि लेकी अशा जात होत्या. मागे राहिलेल्यांना दुःख होतं, धास्ती होती, आणि आपण तिला वाचवू शकलो नाही ही टोचणीही असणार. पुढून भरलेली, मागून रिकामी, हे त्या बाईचंच चित्र आहे. बाळंतिणीच्या उशाखाली कोयता किंवा सुरी ठेवायची आपली रीत, आणि हुल्द्राच्या लोकांनी मूल बदलून नेऊ नये म्हणून पाळण्यात पोलाद ठेवायची नॉर्वेची रीत, दोन्हींमागे भीती तीच.

वक्ता नागपूरच्या रामदासपेठेत राहतो. रामदासपेठ म्हणजे आज दवाखान्यांचा भाग. इथल्या प्रसूतिगृहांतून बाळंतीण चार-सहा दिवसांत बाळाला घेऊन हसत घरी जाते. हडळ इथून गेली ती डॉक्टरांमुळे, नर्सबाईंमुळे, आणि ते फार चांगलं झालं. तिची भीती परत यावी असं कुणीही म्हणणार नाही. मात्र जिच्यामुळे ती भीती जन्मली, त्या बाईची आठवण तेवढी उरावी.

आपल्याकडे कल्पनारम्य कथेच्या परंपरेला तोटा नाही. सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चं मूळ पैठणशी जोडलं जातं, आणि तीच कथा काश्मीरच्या सोमदेवाने १०७०च्या आसपास ‘कथासरित्सागरा’त संस्कृतात आणली. त्यात एक यक्षिणी आहे. रात्री ओसाड शिवमंदिरात हाडाचं वाद्य वाजवत ती येते, एकेका तापसावर नजर रोखून मंत्र म्हणते, त्याला शिंगं फुटतात, तो नाचत नाचत आगीत पडतो आणि ती त्याला खाते. निश्चयदत्त नावाचा प्रवासी तोच मंत्र ऐकून पाठ करतो, तिने खाली ठेवलेलं वाद्य उचलतो आणि तिला वश करतो. केरळने आपल्या नीली यक्षीला २०२५च्या ‘लोका’ या चित्रपटात थेट महानायिका केलं आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा घरोघरी पोचवली. हडळीला मात्र अजून तिच्या पाठीसकट उभी करणारी मोठी कादंबरी हवी आहे.

सामग्री विदर्भात भरपूर आहे. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटात वनाधिकारी म्हणून आयुष्य काढलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून शब्द, समजुती, पक्ष्यांची नावं वेचली आणि पुस्तकांत ठेवली. २०२५मध्ये ते गेले. ज्यांच्याकडून त्यांनी हे ऐकलं ती पिढीही आता थकली आहे.

म्हणून श्रोत्यांना एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील, भंडारा-गोंदियाकडची कुणी मावशी असेल, तर त्यांना हडळीबद्दल, चुडेलीबद्दल विचारा. ती कोणत्या झाडावर होती, कुणाच्या घरातली होती, कशाने गेली, आणि मागून कशी दिसायची, हे सगळं विचारा. फोनवर ध्वनिमुद्रित करा, गावाचं नाव आणि साल टाका. आणि तुमच्यापैकी कुणी गोष्ट लिहायला बसलंच, तर तिची पाठ गाळू नका.