कोसळण्याआधीचे क्रियापद



साहित्यिकांच्या व्यासपीठावर भूगर्भशास्त्राच्या मास्तराला बोलावलेत, त्याबद्दल आभार. मी एका क्रियापदाची तक्रार घेऊन आलो आहे. आपण म्हणतो, दरड ‘कोसळली’. जणू काल संध्याकाळपर्यंत ती स्वस्थ होती! मोठे उतार पुष्कळदा आधी सरकतात. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे.

उत्तर इटलीत व्हायोंट हे सुमारे २६० मीटर उंचीचे धरण आहे. १९६० साली जलाशय भरू लागला आणि त्याच वर्षी शेजारच्या ‘टोक’ डोंगराच्या उतारावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. (आपल्या ‘टोका’शी या नावाचा संबंध नाही, तिथल्या बोलीत ते ‘कुजका’ अशा अर्थाच्या शब्दाशी जोडतात.) अभियंत्यांनी मापे घेतली. पाणी चढवले की उतार वेगाने सरके, उतरवले की मंदावे. तेव्हा पाण्याच्या पातळीने डोंगराला लगाम घालता येईल, असे त्यांना वाटले. १९६३च्या सप्टेंबरात वेग पुन्हा वाढला. पाणी उतरवू लागले, पण या वेळी डोंगर थांबला नाही. ९ ऑक्टोबरच्या रात्री सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर जलाशयात घसरला, लाट धरणावरून पलीकडे गेली आणि खालच्या लाँगारोने गावासह सुमारे दोन हजार माणसे गेली. धरण मात्र आजही उभे आहे. मोजणाऱ्यांची मापे बरोबर होती, त्यांचा अर्थ चुकला.

यामागचे तत्त्व अवघड नाही. जलाशय भरला की पाणी उताराच्या पायथ्यात मुरते. खडकांच्या फटींतला पाण्याचा दाब वाढतो, घर्षण कमी होते. जलाशय झपाट्याने उतरवला तर वेगळाच धोका असतो: बाहेरून टेकू देणारे पाणी गेलेले असते आणि आत मुरलेले अजून निघालेले नसते. म्हणून पाणी किती आहे याइतकेच ते किती वेगाने चढते-उतरते आहे, हे महत्त्वाचे.

आपल्याकडचे नाव निघाले की माळीण आठवते. डिंभे धरणाच्या परिसरातले आंबेगाव तालुक्यातले हे गाव ३० जुलै २०१४च्या सकाळी चिखलाखाली गेले. १५१ माणसे गेली. गाव दिसेनासे झाल्याचे एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले. तिथे तत्काळ कारण मुसळधार पाऊस होते. धरण जवळ आहे एवढ्यावरून त्याला दोषी धरणे मला घाईचे वाटते. बरोबर अकरा वर्षांनी, ३० जुलै २०२५ला, ‘निसार’ उपग्रह आकाशात गेला. तो बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि जमिनीचे काही मिलिमीटरचे-सेंटिमीटरचे सरकणे रडारने टिपू शकतो. संथ सरकणाऱ्या उतारासाठी हे मोठे वरदान आहे. पण माळीणसारखा पावसाने सुटलेला चिखल बारा दिवस थांबत नाही. तिथे गावातला डोळाच हवा.

आणि डोळ्याला शब्द हवा. आपण माळव्यातले लोक भेगांना सरावलेले. काळी माती उन्हाळ्यात फाटते, आपण तिकडे पाहतही नाही. मात्र नर्मदेच्या जलाशयांकाठी राहणाऱ्याला फरक कळायला हवा. वाळण्याच्या भेगा जाळ्यासारख्या चहूकडे पसरतात आणि पावसात मिटतात. सरकणाऱ्या उताराची भेग उताराला आडवी, बहुधा चंद्रकोरीसारखी असते. तिची खालची कड वरच्या कडेपेक्षा खचलेली असते आणि ती पावसात रुंदावते. जोडीला झाडे, खांब कलतात, दार चौकटीत अडकते, झरा अचानक गढूळ होतो.

शिक्षकांना एक विनंती. अशी भेग दिसली तर लगेच कळवा. ती जुनी असेल, ऊन पडलेले असेल आणि जाणकाराने जागा पाहून हरकत नाही म्हटले, तरच तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, मधले अंतर टेपने मोजा, वहीत तारीख-वेळ आणि जलाशयाची पातळी लिहा. पाऊस लागला की तिकडे फिरकू नका. आणि तहसील कचेरीला फोन करताना ‘जमीन जरा हलल्यासारखी वाटते’ म्हणू नका. ‘सोमवारपासून गुरुवारपर्यंत चार सेंटिमीटर रुंदावली, खालची कड खचली, खाली अमुक इतकी घरे आहेत,’ असे सांगा.